कर्नल अपडेट झाला की स्क्रीन काळी? आधी फर्मवेअर तपासा

लक्षणं लिनक्स वापरणाऱ्या बहुतेकांच्या ओळखीची आहेत. रोजच्या अपडेटमध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला आणि मशीन रिबूट केलं. ग्रब (बूटच्या वेळी कर्नल निवडायचा मेनू) दिसतं, सुरुवातीच्या ओळी पळतात आणि स्क्रीन काळी होते. कधी काळी होत नाही, पण डेस्कटॉप १०२४ बाय ७६८ वर अडकून बसतो. विंडो ओढली की ती तुटक तुटक सरकते आणि काहीही चालू नसताना पंखा घरघरत राहतो. ग्रबमधून मागचा कर्नल निवडला तर सगळं सुरळीत. काही महिन्यांनी पुढचा अपडेट येतो आणि पुन्हा तेच.

मग लोक काय काय करतात! मेसा ही ग्राफिक्सची लायब्ररी काढून पुन्हा टाकतात, विंडो दाखवणारी वेलँड ही व्यवस्था सोडून जुन्या एक्स११ वर जातात, शेवटी कंटाळून अख्खी डिस्ट्रो (डेबियन, उबंटूसारखी लिनक्सची बांधणी) नव्याने बसवतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. 'कर्नल बदलला की बिघडतं, जुन्यावर चालतं' हे लक्षण असेल, तर माझा पहिला संशय फर्मवेअरवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामवर असतो.

ग्राफिक्स कार्डाच्या आत अनेक छोटे प्रोसेसर असतात. एएमडीच्या कार्डात आज्ञांची रांग वाचणारे वेगळे, वीज आणि क्लॉक (चिपचा वेग) सांभाळणारा एसएमयू वेगळा, व्हिडिओ डिकोड करणारा व्हीसीएन वेगळा, डिस्प्लेचं बघणारा डीएमसीयूबी वेगळा. या सगळ्यांच्या फाइलींची सही तपासून त्यांना आत घेणारा पीएसपी आणखी निराळा. प्रत्येकाला स्वतःचा प्रोग्राम लागतो आणि दर बूटला ड्रायव्हर तो कार्डात भरतो. ड्रायव्हरचा कोड कर्नलमध्ये आहे, ओळ न् ओळ वाचता येते. कार्डात भरला जाणारा प्रोग्राम मात्र कंपनीने दिलेली बंद बायनरी फाइल असते. या फाइली लिनक्स-फर्मवेअर नावाच्या वेगळ्या भांडारात राहतात. काही फर्मवेअर पूर्वी कर्नलच्या सोर्समध्येच असायचं, ती डिरेक्टरी २०१७ मध्ये ४.१४ पासून काढून टाकली.

म्हणजे ड्रायव्हर एका पॅकेजमधून येतो, फर्मवेअर दुसऱ्या, आणि दोन्ही आपापल्या वेगाने पुढे जातात. नव्या ड्रायव्हरला हवी असलेली फाइल डिस्कवर नसेल तर कार्ड जागंच होत नाही. पुन्हा पुन्हा येणाऱ्या या दुखण्याचं मूळ इथे आहे.

आधी आत शिरा

ग्रबच्या मेनूत कर्नलच्या ओळीवर 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहा आणि एफ१० दाबून बूट करा. कार्डाचा खरा ड्रायव्हर बाजूला राहतो, मदरबोर्डच्या यूईएफआयने दिलेला साधा फ्रेमबफर (पडद्यावरच्या चित्राची मेमरी) वापरला जातो आणि निदान लॉगिन तरी दिसतं. एवढ्यापुरताच त्याचा उपयोग. 'नोमोडसेट टाकलं आणि प्रॉब्लेम सुटला' असं समजून ते ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचं लिहून ठेवणारे खूप आहेत. त्यांचं कार्ड वर्षानुवर्षं रिकामं बसतं आणि सगळं चित्र सीपीयू काढत राहतो. 'जीएलएक्सइन्फो' या आज्ञेच्या उत्तरात रेंडरर (चित्र काढणारा) म्हणून 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर तुमच्याकडेही हेच चाललं आहे.

आणखी एक सांगतो. स्क्रीन काळी म्हणजे मशीन मेलं असं नाही. बऱ्याचदा मागे सगळं व्यवस्थित चालू असतं. एसएसएच आधीच चालू ठेवलं असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून आत जा. बिघडलेल्या अवस्थेतला लॉग जागेवर पकडता येतो, आणि असा लॉग नंतर गोळा केलेल्या माहितीपेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

लॉगमधली ती एक ओळ

एसएसएच नसेल तर 'जर्नलसीटीएल -के -बी -१' चालवा. आधीच्या, म्हणजे फसलेल्या बूटचा कर्नल लॉग मिळेल. त्यात 'फर्मवेअर' शोधा. एएमडीच्या ७००० मालिकेतल्या कार्डावर साधारण अशी ओळ सापडते:

डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर एएमडीजीपीयू/जीसी_११_०_०_पीएफपी.बिन फेल्ड विथ एरर -२

आणि थोडं खाली: फेटल एरर ड्युरिंग जीपीयू इनिट. म्हणजे जीपीयू, कार्डाची मुख्य चिप, सुरूच झाली नाही.

पहिली ओळ नीट वाचली की निम्मं काम झालं. 'जीसी' म्हणजे ग्राफिक्स कोअर, '११_०_०' हा त्या भागाचा आवृत्ती क्रमांक, 'पीएफपी' म्हणजे आज्ञांची रांग आधी चाळणारा प्रोसेसर. जुन्या कार्डांच्या फाइलींना 'पोलारिस१०', 'नवी१०' अशी चिपची नावं असायची, नव्यांना असे आकडे असतात. त्यामुळे बॉक्सवरचं मॉडेलचं नाव फाइलींच्या यादीत शोधू नका, सापडणार नाही. लॉगमध्ये जे नाव आहे तेच शोधा.

शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. उणे २ म्हणजे फाइलच मिळाली नाही. उणे २२ असेल तर मागितलेली गोष्ट अमान्य ठरली: फाइल अर्धवट उतरली असेल किंवा भलत्याच आवृत्तीची असेल. उणे ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपला; फाइल आत गेली असेल, पण पलीकडून उत्तर आलं नाही. उणे २ चा इलाज तुमच्या हातात आहे. ११० चा बऱ्याचदा नसतो, त्याबद्दल पुढे.

इंटेलवाल्यांनी जरा वेगळं पाहावं. तिथे डीएमसीची (डिस्प्लेची वीज वाचवणाऱ्या भागाची) फाइल नसेल तर स्क्रीन व्यवस्थित चालते, पण ड्रायव्हर 'रनटाइम पॉवर मॅनेजमेंट' बंद करून टाकतो. लॅपटॉप गरम राहतो, बॅटरी लवकर उतरते आणि कुणालाच फर्मवेअरचा संशय येत नाही. एचयूसी नसेल तर व्हिडिओच्या काही सोयी जातात. जीयूसी नसेल तर मात्र नव्या चिपवर कामच थांबतं, कारण अल्डर लेकच्या (इंटेलच्या बाराव्या पिढीच्या) लॅपटॉप चिपा आणि आर्क कार्डांपासून जीपीयूला काम वाटून देण्याची जबाबदारी जीयूसीकडे आहे.

फाइल हरवते कुठे

उणे २ आला म्हणजे फाइल डिस्कवर नाहीच असं धरून चालू नका. आधी '/लिब/फर्मवेअर'मध्ये ती आहे का पाहा. आहे आणि तरी एरर येतो, हा प्रकार खूपदा घडतो.

फाइल खरोखरच नसेल तर पॅकेजच्या बाजूने सुरुवात करा. डेबियनवाल्यांसाठी सर्वांत मोठी मेख २०२३ ची आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून बंद फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून त्यासाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा वेगळा विभाग आला. निर्णय मला मनापासून पटला, कारण त्याआधी नव्या माणसाला काळ्या स्क्रीनपुढे बसवून तत्त्वं शिकवली जात होती. पण ज्यांनी ११ वरून १२ वर उडी मारली आणि सोर्सेस.लिस्टमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत) नुसतं 'नॉन-फ्री' ठेवलं, त्यांचं फर्मवेअर जिथल्या तिथे गोठलं. कर्नल पुढे जात राहिला, फर्मवेअर २०२३ च्या आधीचं. एपीटी हे डेबियनचं पॅकेज साधन तशी सूचना देतं, पण ढीगभर ओळींत ती नजरेतून सुटते. त्या ओळीत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' जोडा, अपडेट करा आणि एएमडीसाठी 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' बसवा. डेबियन १३ मध्ये इंटेल आणि एनव्हिडियाच्या फाइली 'फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री'मधून काढून त्यांची वेगळी पॅकेजं केली आहेत, त्यामुळे तिथे पोहोचल्यावर पुन्हा एकदा पाहा.

आर्चवर जून २०२५ मध्ये असंच झालं. एकच लिनक्स-फर्मवेअर पॅकेज फोडून कंपनीनिहाय तुकडे केले आणि एनव्हिडियाच्या काही सिमलिंकमुळे (दुसऱ्या फाइलीकडे नेणाऱ्या दुव्यांमुळे) साधा अपग्रेड अडू लागला. तेव्हा जुनं पॅकेज अवलंबित्व न तपासता काढून नवं टाकायचं, असा उपाय आर्चने स्वतःच जाहीर केला होता. फेडोरावरही फाइली अशाच 'एएमडी-जीपीयू-फर्मवेअर', 'इंटेल-जीपीयू-फर्मवेअर', 'एनव्हिडिया-जीपीयू-फर्मवेअर' अशा वाटलेल्या आहेत. 'माझ्याकडे एनव्हिडिया नाही, कशाला जागा अडवायची' म्हणून एक पॅकेज काढताना भलतंच निघालं, असंही होतं. उबंटूवर मुख्य गुन्हेगार म्हणजे बाहेरून आणून बसवलेला ताजा मेनलाइन कर्नल. कर्नल या महिन्याचा आणि फर्मवेअर डिस्ट्रोच्या जुन्या आवृत्तीचं, मग जुळणार कसं?

आता फाइल डिस्कवर आहे आणि तरीही उणे २ येतो त्या प्रकाराकडे येऊ.

बूटच्या अगदी सुरुवातीला कर्नलपुढे तुमची खरी डिस्क नसतेच, इनिटरामएफएस नावाची छोटी फाइलसिस्टीम असते. ड्रायव्हर तिच्यातून सुरू झाला तर फर्मवेअरही तिच्यातच हवं. '/लिब/फर्मवेअर'मध्ये फाइल असून तिथे काही फरक पडत नाही. डेबियन-उबंटूवर 'एलएसइनिटरामएफएस', फेडोरावर 'एलएसइनिटआरडी' चालवून यादी काढा आणि लॉगमधलं नाव तिच्यात शोधा. नसेल तर अनुक्रमे 'अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल' किंवा 'ड्राकट --फोर्स'. आर्चवर 'एमकेइनिटसीपीआयओ -पी', त्यातला 'पी' मोठ्या लिपीतला. फर्मवेअर हाताने कॉपी करणाऱ्यांकडून हीच पायरी सुटते.

ही आज्ञा चालवताना डेबियनवर 'पॉसिबल मिसिंग फर्मवेअर' अशा इशाऱ्यांची रांग लागते. घाबरू नका. ड्रायव्हर ज्या ज्या कार्डांसाठी जी जी फाइल मागू शकतो, त्यांतली डिस्कवर नसलेली प्रत्येक फाइल तिथे छापली जाते. त्यातली बहुतेक नावं तुमच्याकडे नसलेल्या कार्डांची असतात. तुमच्या लॉगमधलं नाव त्यात आहे का, एवढंच बघा.

'/बूट' पार्टिशन वेगळं आणि लहान असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. एनव्हिडियाच्या जीएसपी (कार्डातला एक प्रोसेसर, त्याबद्दल पुढे) फर्मवेअरची एकेक फाइल दहा एमबींहून बरीच मोठी असते. ती इनिटरामएफएसमध्ये शिरली की प्रत्येक कर्नलमागची फाइल फुगते, जागा संपते आणि नवी इनिटरामएफएस अर्धवट राहते. अपडेटच्या शेवटी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येऊन गेलेलं असतं, पण तोवर खिडकी बंद केलेली असते. 'डीएफ -एच /बूट' पाहा, जुने कर्नल काढा, पण एक चालणारा नक्की ठेवा.

कर्नल स्वतः बांधणाऱ्यांसाठी वेगळी अडचण आहे. हल्ली डिस्ट्रो फर्मवेअर दाबून ठेवतात, फाइलीच्या शेवटी एक्सझेड किंवा झेडएसटी असतं. एक्सझेड उलगडण्याची सोय कर्नलमध्ये ५.३ पासून आणि झेडएसटीची ५.१९ पासून आहे, तीही कॉन्फिगमध्ये चालू केली असेल तरच. पर्याय बंद असेल तर फाइल डोळ्यांसमोर असूनही कर्नलला दिसत नाही, आणि एरर येतो तोच, उणे २. कॉन्फिगमध्ये 'एफडब्ल्यू लोडर कॉम्प्रेस' आणि त्याखालचे दोन्ही पर्याय चालू करा.

शेवटची जागा '/लिब/फर्मवेअर/अपडेट्स'. कर्नल फर्मवेअर शोधताना हा फोल्डर आधी पाहतो आणि मुख्य जागा नंतर. कधीतरी कुणाच्या सल्ल्यावरून तिथे हाताने फाइली टाकलेल्या असतात. पुढे पॅकेजने कितीही नवं फर्मवेअर आणलं तरी मशीन तीच जुनी फाइल उचलत राहतं. कशानेच उलगडा होत नसेल तेव्हा हा फोल्डर उघडा.

नूवोवाल्यांचं दुखणं वेगळं

एनव्हिडियाच्या कार्डावर नूवो ड्रायव्हर वापरणारे नेहमी विचारतात: फर्मवेअर आहे, एरर नाही, तरी कार्ड इतकं संथ का? याचं उत्तर कोणत्याही सेटिंगमध्ये नाही, ते इतिहासात आहे.

नूवो हा ड्रायव्हर कंपनीच्या मदतीशिवाय उभा राहिला. कंपनीचा बंद ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो हे एमएमआयओट्रेससारख्या साधनाने टिपायचं, त्याचा अर्थ लावायचा आणि तसं स्वतः लिहायचं. २०१० मध्ये २.६.३३ या कर्नलमध्ये तो आला. पुढच्या काही पिढ्यांसाठी या मंडळींनी कार्डातल्या फाल्कन नावाच्या छोट्या प्रोसेसरांचं फर्मवेअरसुद्धा स्वतः लिहिलं. त्याचा असेंब्ली सोर्स आजही कर्नलमध्ये आहे, कुणीही उघडून वाचावा. मला या कामाबद्दल अतोनात आदर आहे.

सप्टेंबर २०१४ मध्ये जीटीएक्स ९८० आणि ९७० आली आणि दार बंद झालं. या पिढीपासून कंपनीची सही असलेलंच फर्मवेअर कार्ड स्वीकारतं. तुम्ही कितीही उत्तम फर्मवेअर लिहा, कार्ड ते नाकारणार. सही असलेल्या फाइली एनव्हिडियाने २०१६ मध्ये दिल्या, पण डेस्कटॉप कार्डांचं क्लॉक वाढवायला लागणारं पीएमयूचं (वीज सांभाळणाऱ्या भागाचं) फर्मवेअर त्यात नव्हतं. परिणाम असा की जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेतली कार्डं नूवोवर बूटच्या वेळच्या कमी क्लॉकवरच अडकून राहतात. सेकंडहँड १०५० किंवा १०६० घेऊन नूवोवर वेग मिळवण्यासाठी रात्री जागवू नका. तिथे कंपनीचा बंद ड्रायव्हर हाच पर्याय आहे, आणि त्याचीही ५८० ही शाखा या पिढ्यांना साथ देणारी शेवटची आहे. असं कार्ड नव्याने विकत घेणार असाल तर हे लक्षात घेऊनच घ्या.

१६ आणि २० मालिकेपासून परिस्थिती बदलते. या कार्डांत जीएसपी नावाचा रिस्क-व्ही प्रोसेसर आहे आणि ड्रायव्हरची बरीचशी कामं, क्लॉकसकट, त्याच्या फर्मवेअरमध्ये गेली आहेत. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरच्या कर्नल मॉड्यूलचा (कर्नलमध्ये बसणाऱ्या भागाचा) सोर्स खुला केला तो याच जोरावर. जानेवारी २०२४ च्या ६.७ कर्नलमध्ये नूवोला जीएसपीशी बोलता येऊ लागलं. त्या वेळी २० आणि ३० मालिकेवर हे आपोआप चालू होत नसे. कर्नलच्या ओळीत 'नूवो.कॉन्फिग=एनव्हीजीएसपीआरएम=१' लिहावं लागे. कर्नल त्या काळातला असेल तर ते लिहून पाहा, फरक डोळ्यांना दिसेल. ४० मालिकेला जीएसपीशिवाय गत्यंतर नाही. लॉगमध्ये 'जीएसपी सीटॉर फेल्ड: -२' आलं तर वर सांगितलेल्या सगळ्या जागा पुन्हा तपासा, विशेषतः इनिटरामएफएस.

यातली खरी गोम अशी की जीएसपीशी बोलण्याची भाषा एनव्हिडिया स्थिर ठेवत नाही. ती आवृत्तीगणिक बदलू शकते. म्हणून नूवो ठरावीक आवृत्तीलाच बांधलेला आहे: ६.७ मध्ये ५३५.११३.०१, पुढे ब्लॅकवेल (५० मालिकेतल्या) कार्डांसाठी ५७०.१४४. नवं ते चांगलं म्हणून कंपनीच्या ताज्या ड्रायव्हरमधून जीएसपीची फाइल काढून तिथे ठेवली, तर नूवो तिच्याकडे पाहणारही नाही. रस्ट या भाषेत लिहिला जाणारा एनव्हिडिया कार्डांचा नवा नोव्हा ड्रायव्हर जीएसपी धरूनच आखलेला आहे, त्यामुळे ही गाठ त्यालाही चुकलेली नाही.

फोन आणि छोट्या बोर्डांवरही ओघ तिकडेच आहे. जुन्या माली जीपीयूंचा पॅनफ्रॉस्ट ड्रायव्हर फर्मवेअरशिवाय चालतो. आरके३५८८ या चिपमधल्या माली-जी६१० साठी २०२४ मध्ये ६.१० कर्नलमध्ये आलेल्या पॅनथॉर ड्रायव्हरला मात्र 'माली_सीएसएफएफडब्ल्यू.बिन' ही फाइल लागतेच. त्या बोर्डावर जुन्या सवयीने फर्मवेअरचं पॅकेज गाळणाऱ्यांना जीपीयू मिळत नाही.

फाइल बरोबर, तरी बिघाड

आता उणे ११०, किंवा मध्येच जीपीयू गोठून रीसेट होणं. इथे फर्मवेअरमध्येच बग असू शकतो. शोधायची एक खात्रीची पद्धत आहे: जुना आणि नवा कर्नल, जुनं आणि नवं फर्मवेअर, अशा चारही जोड्या चालवून पाहा. नवा कर्नल जुन्या फर्मवेअरवर नीट चालला आणि जुना कर्नल नव्या फर्मवेअरवर अडखळला, तर ड्रायव्हर निर्दोष आहे. प्रत्येक वेळी फर्मवेअर बदललं की इनिटरामएफएस पुन्हा बांधायला विसरू नका, नाहीतर चारही निकाल खोटे. एएमडीवर कार्डात खरोखर कोणती आवृत्ती गेली आहे हे '/सिस/कर्नल/डीबग/डीआरआय/०/एएमडीजीपीयू_फर्मवेअर_इन्फो' या फाइलीत भागवार लिहिलेलं असतं. दोन कार्डं असतील तर शून्याच्या जागी एक असू शकतो. पॅकेजच्या तारखेपेक्षा या फाइलीवर विश्वास ठेवा.

दोषी फर्मवेअर ठरलं तर जुनं पॅकेज परत आणा आणि 'एपीटी-मार्क होल्ड' किंवा तुमच्या डिस्ट्रोतल्या तशाच सोयीने रोखून धरा. होल्ड लावल्याची तारीख आणि कारण कुठेतरी लिहून ठेवा, कारण पुढच्या कर्नलला लागणारी फाइल याच होल्डमुळे येणार नाही.

इथे मला मनापासून वाईट वाटतं ते सांगतो. ड्रायव्हरमध्ये बग असता तर गिट बायसेक्ट करत करत (बदलांची यादी अर्धी अर्धी करत) तुम्ही एका कमिटवर, म्हणजे नेमक्या एका बदलावर पोहोचला असता, ती ओळ वाचली असती, कदाचित दुरुस्तही केली असती. फर्मवेअरमध्ये तोच शोध एका बायनरी फाइलीपाशी संपतो. कमिटचा संदेश 'अमुक चिपचं फर्मवेअर अपडेट केलं' एवढाच. एएमडीचा परवाना फाइल वाटायला मुभा देतो, उलगडून पाहायला मनाई करतो. आणि उलगडून दुरुस्त केलीच, तरी सही नसल्यामुळे कार्ड ती घेणार नाही. कंपन्यांनी फर्मवेअरचा सोर्स द्यावा असं मला वाटतं. तो मिळेपर्यंत निदान प्रत्येक आवृत्तीत काय बदललं याची टिपण तरी द्यावी.

एका बाबतीत मात्र वापरणाऱ्यांच्या बाजूने लेखी नियम आहे. जुलै २०२२ मध्ये ५.१९ कर्नल तयार होत असताना इंटेलच्या ड्रायव्हरने अल्डर लेकसाठी जीयूसीची ७० ही आवृत्ती मागायला सुरुवात केली आणि ६९ ची साथ सोडली. म्हणजे ५.१८ वर चालणारा लॅपटॉप नुसत्या कर्नल अपडेटने बंद पडणार. ग्राफिक्स विभागाचे मेंटेनर डेव्ह एअरली यांनी त्याला ठाम हरकत घेतली. जुन्या आवृत्तीची सोय परत आली आणि कर्नलच्या दस्तऐवजांत 'फर्मवेअर गाइडलाइन्स' नावाचं पान जोडलं गेलं. सार असं: आधी चालत असलेल्या मशीनवर वापरणाऱ्याने फर्मवेअर बदललं नाही, तरी नवा कर्नल चालला पाहिजे.

तेव्हा तक्रार नोंदवताना हे पान हाताशी ठेवा. जुन्या कर्नलवर जुन्या फर्मवेअरने चालणारं कार्ड नव्या कर्नलवर केवळ फर्मवेअर जुनं म्हणून बंद पडत असेल, तर ते रिग्रेशन आहे आणि तसंच लिहायचं. कार्डाचा पीसीआय आयडी (ओळख क्रमांक) 'एलएसपीसीआय -एनएन -के'मधून घ्या. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या कर्नलची आवृत्ती, फर्मवेअर पॅकेजची तारीख, दोन्ही बूटचे पूर्ण लॉग आणि चार जोड्यांचा निकाल द्या. लॉग कापून देऊ नका. नेमकी हवी ती ओळ बहुधा कापलेल्या भागात असते. एएमडी आणि इंटेल दोघांच्या ड्रायव्हरांच्या तक्रारी फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर घेतल्या जातात. फाइल नुसती पॅकेजमध्ये यायची राहिली असेल तर तिथे जाऊ नका, आपल्या डिस्ट्रोच्या बग ट्रॅकरवर लिहा, काम तिथेच होईल.